राग येणारच, तो आल्याचं लवकर कळायला हवं

(पत्रलेखकाच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही. पत्र थोडं संक्षिप्त केलं आहे.)

"मी ४४ वर्षांचा आहे. वडील ७६ वर्षांचे. आई गेली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. बहीण दुसऱ्या गावी असते, फोन करते. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. 'वीजबिल भरलंस का?', 'दाराला कडी लावलीस का?', 'उद्या किती वाजता निघणार?' पहिल्यांदा मी नीट उत्तर देतो, दुसऱ्यांदाही देतो. तिसऱ्यांदा माझा जबडा आवळला जातो आणि मग आवाज चढतो. ते गप्प होऊन आपल्या खोलीत जातात. नंतर तास-दीड तास मी स्वतःवरच चिडलेला असतो. गेल्या महिन्यात माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, 'बाबा, तुम्ही आजोबांवर ओरडता तेव्हा माझ्या पोटात कसंतरी होतं.' ते ऐकल्यापासून झोप नीट नाही. सहा महिने रोज सकाळी अ‍ॅप लावून वीस मिनिटं ध्यान करतो. तेवढा वेळ छान शांत वाटतं, पण संध्याकाळी ती शांतता कुठे जाते कळत नाही. बायको म्हणते, सोडून दे, मनावर घेऊ नकोस. मला सोडता येत नाही. माझं ध्यान चुकतंय, की मी मुळातच रागीट आहे? राग येणारच नाही असं काही करता येईल का?"

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. 'तिसऱ्यांदा माझा जबडा आवळला जातो आणि मग आवाज चढतो.' म्हणजे आधी जबडा, नंतर आवाज. दोहोंच्या मध्ये काही क्षण जातात आणि ते तुम्हाला दिसलेले आहेत. रागाबद्दल लिहिणारे बहुतेक जण 'एकदम डोकं फिरलं', 'काय झालं कळलंच नाही' असं लिहितात. तुम्हाला कळलं आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते: तुमचं ध्यान वाया गेलेलं नाही. तो जबडा दिसायला लागला तो बहुधा सकाळच्या त्या वीस मिनिटांमुळेच.

तुम्ही मुळात रागीट आहात का, या प्रश्नाच्या वाटेला मी जाणार नाही. त्याचं उत्तर 'हो' मिळालं काय आणि 'नाही' मिळालं काय, संध्याकाळी सात वाजता तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

राहिला तिसरा प्रश्न. राग येणारच नाही असं काही करता येत नाही, आणि येत असतं तरी मी ते सुचवलं नसतं. कुठेतरी मर्यादा ओलांडली जाते आहे, काही अन्यायाचं घडतं आहे, किंवा आपली शक्ती संपत आली आहे, अशी खबर राग आणत असतो. कधी ती खबर चुकीची असते, कधी फार फुगवलेली असते. पण ती येण्याचा रस्ताच बंद केला, तर खरी खबरही पोचायची नाही.

सजगतेविषयी, म्हणजे ज्याला हल्ली सगळीकडे माइंडफुलनेस म्हणतात त्याविषयी, इथे थोडं सांगायला हवं. अ‍ॅपमधून ती आपल्यापर्यंत शांततेचं औषध म्हणून येते. तिची सुरुवात तशी नव्हती. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्ग सुरू केला. पुढे आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून तो जगभर पसरला. त्यात येणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षानुवर्षं दुखणं सोसणारे होते, उपचार करून करून थकलेले. तुमची पाठ दुखायची थांबेल, असं आश्वासन त्यांना दिलं गेलं नाही. दुखण्याकडे पाठ फिरवण्याऐवजी त्याच्या जवळ जायला शिकवलं. दुखतं नेमकं कुठे, कसं, ते एकसारखं असतं की कमीजास्त होतं, आणि 'हे आता जन्मभर असंच चालणार' हा विचार दुखण्याहून वेगळा काढता येतो का, हे बघायला शिकवलं. पाठ दुखतच राहिली तरी तिच्याभोवती जमलेली धास्ती पुष्कळांच्या बाबतीत कमी झाली. रागाचंही असंच करायचं असतं. त्याला घालवायच्या खटपटीत न पडता त्याच्याकडे जवळून पाहायचं.

आणि मग होतं काय, तर राग आल्याचं लवकर कळायला लागतं. सरावाचं पहिलं फळ हेच. निदान सुरुवातीला तरी राग येण्यात फारसा फरक पडत नाही, कळण्याच्या वेळेत पडतो. आधी दुसऱ्या दिवशी कळतं, की काल आपण फार बोललो. मग तासाभराने. मग ओरडून होताक्षणी. मग ओरडता ओरडता, अर्ध्या वाक्यात. ही पायरी सगळ्यांत कठीण. शब्द तोंडातून निघताहेत, आपल्याच कानांवर पडताहेत, आणि तरी थांबवता येत नाहीत. कितीतरी लोक इथेच सराव सोडून देतात, कारण त्यांना वाटतं की आपण पूर्वीपेक्षा बिघडलो. ओरडणं पूर्वीइतकंच असतं, फक्त आता ते आतून बघणारं कोणीतरी जागं झालेलं असतं. ही पायरी ओलांडली की कधीतरी वाक्य ओठांवर यायच्या आधीच कळतं.

जबडा आवळल्याचं तुम्हाला त्याच क्षणी कळतं, की नंतर आठवून कळतं? पत्रावरून मला ते ठरवता आलं नाही. पुढचे काही दिवस तेवढं तपासा. आज ओरडणं टळलं की नाही हा हिशोब जरा बाजूला ठेवा आणि आज किती वेळाने कळलं, एवढीच नोंद करा. वहीत एक ओळ पुरे.

शरीरापासून सुरुवात करायला मी का सांगते आहे? रागात असताना विचारांवर भरवसा ठेवता येत नाही. ते सगळे रागाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे असतात. शरीर मात्र खोटं बोलत नाही आणि बरंच आधी बोलतं. १८८४ साली विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने एका लेखात म्हटलं होतं की शरीरातले बदल आधी होतात आणि त्यांची आपल्याला होणारी जाणीव म्हणजेच भावना. इतक्या टोकाला जाऊन हे आज फारसं कोणी मानत नाही. पण छातीतली धडधड, अडकलेला श्वास, गरम झालेले कान हा भावनेचा मोठा भाग असतो, यात वाद नाही. प्रत्येकाची खूण वेगळी. कोणाच्या मुठी वळतात, कोणाच्या मानेत ताण येतो, कोणाचा आवाज चढायच्या आधी अगदी बारीक होतो. तुमची खूण जबडा. माझा अंदाज असा की जबड्याच्याही आधी, बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी, काहीतरी घडत असणार. श्वास धरला जात असेल, खांदे वर येत असतील. तुम्ही म्हणता की दुसऱ्यांदाही नीट उत्तर देतो. ते उत्तर देताना शरीर काय करत असतं, ते एकदा बघा. तिथे काही सापडलं, तर हातात आणखी थोडा वेळ आला.

सकाळी शांत वाटतं आणि संध्याकाळी ती शांतता टिकत नाही, यात नवल काही नाही. पोहायला उथळ पाण्यात शिकायचं हे बरोबरच, पण कमरेएवढ्या पाण्यापुढे कधी गेलोच नाही तर खोल पाण्यात हातपाय आठवत नाहीत. तुमच्या सकाळच्या वीस मिनिटांत एकच बदल करा. शेवटची चार-पाच मिनिटं अ‍ॅप बंद करा आणि कालच्या संध्याकाळचा प्रसंग मुद्दाम डोळ्यांसमोर आणा. बाबा दारात उभे आहेत, तिसऱ्यांदा विचारताहेत. आता शरीरात काय होतंय ते बघत राहा. जबडा आवळेल. आवळू द्या. त्याला सैल करायची घाई नको. किती आवळला, दोन्हीकडे सारखाच का, श्वासाचं काय झालं, हे न्याहाळा. मिनिटाभरात तो ताण आपसूक कमीजास्त व्हायला लागतो, ते स्वतः अनुभवा. बौद्ध परंपरेतल्या सतिपट्ठान सुत्तात याचंच शिक्षण आहे. वेदना, म्हणजे तिथे नुसतं दुखणं नव्हे तर उठणारी कोणतीही जाणीव, सुखद आहे, दुःखद आहे की दोन्ही नाही, एवढंच जाणायचं, ती उठते आणि मावळते हे पाहायचं, तिच्यामागे धावायचं नाही आणि तिला ढकलायचंही नाही.

दिवसभरातही थोडा सराव हवा, पण 'मी सजग राहीन' असा नुसता निश्चय कामाचा नाही. तो पहिल्या फोनबरोबरच विसरला जातो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात संकल्पांवर बरंच संशोधन केलं. 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा ठरलेल्या जोडीत बांधलेला संकल्प मोघम निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो, हे त्यातून दिसलं. तुमच्यासाठी जोडी अशी: घराच्या दाराला हात लावला की आधी जबडा सैल करून एक श्वास पूर्ण सोडीन, मग आत जाईन. दुसरी जोडी: बाबांनी 'अरे' म्हणून हाक मारली की उत्तराआधी पायांचे तळवे जमिनीवर टेकलेले जाणवून घेईन. बाबा काय विचारणार आहेत ते कळायच्या आधीच हे करायचं. दोनच जोड्या घ्या. जास्त घेतल्या तर एकही राहणार नाही.

समजा, एका संध्याकाळी वेळेवर कळलं. जबडा आवळलाय हे तिथल्या तिथे लक्षात आलं. आता पुढे काय?

मनातल्या मनात नाव द्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचं चित्रण चालू असताना लोकांना संतापलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला लोकांनी शब्द दिला, तेव्हा अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या एका भागाची वाढली. धोका दिसला की आधी खडबडून जागा होणारा भाग म्हणजे अमिग्डाला, आणि कपाळामागचा भाग आवर घालण्याशी जोडलेला. साध्या शब्दाने एवढं होतं. पण शब्द नेमका हवा. 'राग' हे फार मोठं पोतं आहे, त्यात काहीही मावतं. तुमचं पत्र पुन्हा वाचताना मला त्यात निखळ राग फार थोडा दिसला. दमलेल्या माणसाचा वैताग दिसला. 'एवढं सगळं करतोय तरी यांचा माझ्यावर विश्वास नाही' ही दुखावलेपणाची कळ दिसली. आई गेल्याचं दुःख तुम्ही एका ओळीत उरकलं आहे, तेही कुठेतरी असणारच. आणि सगळ्यांत खाली मला धास्ती दिसली: बाबांचं हे काय होत चाललंय? मी बाहेरून बोलते आहे, माझं चुकत असेल. तुम्ही आतून बघा. वैताग, चीड, अपमान, धास्ती, अगतिकता, ओशाळेपणा, घुसमट, यांतला कोणता शब्द म्हटल्यावर आत 'हो, हेच' असं वाटतं? तो सापडला की बरेचदा श्वास आपोआप खाली उतरतो. आणि पुढे काय करायचं तेही त्या शब्दातूनच कळतं. वैताग असेल तर विश्रांती हवी, धास्ती असेल तर माहिती हवी, अपमान असेल तर बोलणं हवं. नुसत्या 'राग' या शब्दाने एकच मार्ग सुचतो, ओरडण्याचा.

नावानंतर गोष्ट तपासायची. बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, ही घटना. 'हे मुद्दाम करतात', 'मी अजून यांच्या लेखी नालायकच', ही आपण त्या घटनेला जोडलेली गोष्ट. ती खोटीच असते असं मी म्हणत नाही. पण ती इतक्या झपाट्याने जोडली जाते की घटना आणि गोष्ट एकच वाटू लागतात आणि आपण गोष्टीला उत्तर देतो. 'कडी लावलीस का?' याचं उत्तर 'हो बाबा, लावली' हे आहे. 'तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही!' हे बाबांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते खोलीत निघून जातात तेव्हा त्यांना बहुधा कळलेलंही नसतं की आपण नक्की काय बोललो.

ओरडण्याची ऊर्मी मात्र नाव दिल्यावर आणि गोष्ट ओळखल्यावरही उरते. ती उरणार, त्याने खचू नका. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसोबत काम करताना एक गोष्ट शिकवली. ऊर्मी लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि तिच्यासारखं वागलं नाही तरी उतरते. आपण बहुतेक वेळा ती टोकाला पोचायच्या आतच तिच्यापुढे मान तुकवतो, म्हणून तिचं उतरणं आपण कधी पाहिलेलंच नसतं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. जीभ टाळूपासून सोडा, म्हणजे जबडा आवळलेला राहणं अवघड जातं. आणि बाबांना तोंडाने सांगा, 'बाबा, मला एक मिनिट द्या.' मुकाट्याने पाठ फिरवून जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाला ते ओरडण्याइतकंच लागतं.

कधी एक मिनिट पुरणार नाही. हृदय धडधडत असेल, हात कापत असतील, तर त्या वेळी समजूतदारपणे बोलणं कोणालाच जमत नाही. दांपत्यांच्या भांडणांचा दीर्घ अभ्यास केलेले जॉन गॉटमन अशा वेळी निदान वीस मिनिटं दूर होण्याचा सल्ला देतात, कारण शरीर पूर्वपदावर यायला तेवढा अवधी लागतो. 'मी थोड्या वेळाने येऊन सांगतो' म्हणा, आणि खरंच या. पण त्या वीस मिनिटांत काय करता, याला फार महत्त्व आहे. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. राग बाहेर पडून मोकळं व्हायला हवं, असं आपण समजतो. झालं उलटं. ठोसे न मारता नुसते बसून राहिलेले विद्यार्थी त्यांच्यापेक्षा कमी रागात होते. म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन मनातल्या मनात बाबांना सुनवत फेऱ्या मारल्या, तर वीस मिनिटांनी तुम्ही अधिक तापून बाहेर याल. भांडी घासा, कपड्यांच्या घड्या घाला, चालायला जा, लक्ष हातापायांकडे ठेवा.

आता तुमच्या पत्नीच्या सल्ल्याबद्दल. 'सोडून दे' त्या प्रेमाने सांगतात, पण सांगून कोणाला सोडता येत नाही. मग माणूस दुसरं काहीतरी करतो: गिळतो. चेहरा कोरा ठेवतो, आवाज सपाट करतो आणि यालाच संयम समजतो. मला याची जास्त काळजी वाटते, कारण सहा महिने ध्यान करणाऱ्या माणसाला हे सहज जमायला लागतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, भावना दाखवू नका असं सांगितलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर खरोखर कमी दिसलं, पण शरीरातल्या ताणाच्या काही खुणा वाढल्या. २००३ साली एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी तर असं दाखवलं की भावना दाबून बोलणाऱ्या माणसाशी संवाद करताना समोरच्याचाही रक्तदाब वाढतो. म्हणजे तुम्ही गिळलेलं बाबांपर्यंत पोचतंच. म्हणून आत काय चाललंय ते पूर्ण जाणवू द्या, आणि बोलायचं असेल तर बोला. 'बाबा, तेच पुन्हा विचारलंत की मला त्रास होतो. मी दमलोय. जरा वेळाने बोलू का?' हे वाक्य खरं आहे आणि त्यात कोणाला टोचलेलं नाही.

सजगता म्हणजे सगळं सोसत राहण्याची कला, असा एक गैरसमज रुजतो आहे आणि मला तो मान्य नाही. दोन वर्षं तुम्ही वडिलांना एकटे सांभाळता आहात. बहिणीचं नाव पत्रात एकदाच येतं, 'फोन करते' एवढ्यापुरतं. तुमच्या रागातली एक खबर अगदी खरी असू शकते, की हे ओझं एका माणसाचं नाही. तसं असेल तर त्यावर श्वासाचा उपाय नाही. बहिणीला स्पष्ट सांगावं लागेल, आणि 'जमेल तसं बघ' असं नको. महिन्यातले अमुक दिवस बाबा तुझ्याकडे, किंवा तू इथे, किंवा मदतनीसाचा खर्च दोघांत. पत्नीशीही बोला. घरातली किती कामं त्या न बोलता करताहेत, ते पत्रात आलेलं नाही.

आता मला सगळ्यांत जास्त ज्याविषयी बोलायचं आहे ते. रागात असताना आपण समोरच्याकडे बघत नाही, त्याने आपल्याला काय केलं तेवढंच बघतो. तुम्ही थोडं लवकर थांबायला शिकलात तर त्या रिकाम्या झालेल्या क्षणांत बाबांकडे बघा. त्यांचे तीन प्रश्न मी एकाखाली एक लिहून पाहिले. बिल भरलं का, कडी लावली का, उद्या कधी निघणार. अंधार होणार नाही ना, कोणी आत शिरणार नाही ना, मी किती वेळ एकटा असणार. जोडीदार गमावलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिळालेलं उत्तर विसरून काही वेळातच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, हे विस्मरणाच्या आजाराचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. दुसरीही कारणं असतात. ऐकू कमी येत असेल तर उत्तर पोचतच नाही. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची गडबड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, यांनीही स्मरण ढिलं पडतं, आणि यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. हे विचारणं गेल्या वर्ष-दोन वर्षांत वाढलेलं असेल, तर बाबांना डॉक्टरांकडे न्या. स्मरणशक्तीची आणि ऐकण्याची तपासणी करायला सांगा, आणि ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. ही गोष्ट पुढे ढकलू नका.

निदान काहीही निघो, एक उपाय आजच करता येईल. बाबांच्या खोलीत, बसल्या जागेवरून दिसेल असा एक फळा लावा. मोठ्या अक्षरांत लिहा: 'वीजबिल भरलं आहे. कडी लावली आहे. उद्या मी आठला निघणार, सहाला परत येणार.' प्रश्न आला की 'आत्ताच सांगितलं ना!' म्हणू नका. ज्याला आठवत नाही त्याला ते सांगून आठवत नाही, फक्त आपण चुकलो एवढंच कळतं आणि मन घाबरतं. त्यांच्याबरोबर फळ्यापर्यंत जा आणि दोघांनी मिळून वाचा.

तुमच्या मुलाविषयी. 'माझ्या पोटात कसंतरी होतं,' असं तो म्हणाला. या सगळ्या उत्तरात मी तुम्हाला जे करायला सांगते आहे, ते त्या पंधरा वर्षांच्या मुलाने केलं आहे. त्याने आरोप केला नाही. आपल्या शरीरात काय झालं ते पाहिलं आणि ज्याची भीती वाटते त्यालाच जाऊन सांगितलं. त्याला मोठं धैर्य लागतं. ते ऐकून तुमची झोप उडाली, हे मी समजू शकते, पण तो तुमच्याशी बोलू शकला, एवढा विश्वास तुमच्या नात्यात आहे. त्याला सांगा की तू सांगितलंस ते बरं केलंस. माझं चुकतं आहे आणि मी त्यावर काम करतो आहे. 'पण आजोबाही किती विचारतात' हे शेपूट त्या वाक्याला जोडू नका. पुढे कधी आवाज चढलाच, तर त्याच दिवशी बाबांच्या खोलीत जाऊन 'मघाशी मी ओरडायला नको होतं' असं म्हणा, मुलाला दिसेल असं. ओरडल्यानंतरचा तो तास-दीड तास तुम्ही स्वतःवर चिडण्यात घालवता. त्यातली दोन मिनिटं बाबांच्या खोलीत गेली तर बाकीचा वेळ आपोआप हलका होईल. आणि स्वतःवरची ती चीडसुद्धा एक भावना आहे, तिलाही शरीरात जागा आहे, नाव आहे. तिच्याकडेही तसंच बघा.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. डोळे मिटून बसल्यावर जर छाती आवळून येत असेल, जुने भयंकर प्रसंग अंगावर येत असतील, तर डोळे उघडा आणि त्या दिवशी थांबा. चालताना पावलांकडे लक्ष देणं हाही सरावच आहे. आणि कधी हात उगारला गेला असेल, वस्तू फेकल्या गेल्या असतील, किंवा ही झोपमोड आणखी काही आठवडे चालली, तर या सदरावर विसंबू नका, समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा.

वहीतल्या त्या एका ओळीची नोंद महिनाभर ठेवा. मध्ये चार दिवस वाईट जातील, विशेषतः झोप कमी झालेल्या दिवशी. ते दिवसही लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, म्हणजे बहिणीशी कामाची वाटणी कशी करायची आणि ते बोलणं कुठून सुरू करायचं, यावर पुढच्या वेळी नीट बोलता येईल.